जुन्या गाडीची पत

पेठेतल्या मालाची ने-आण एके काळी बैलगाडीने, पुढे हातगाडीने आणि भाड्याच्या टेम्पोने होत असे. २००५ साली टाटा एस बाजारात आली, लोकांनी तिचे ‘छोटा हत्ती’ असे बारसे केले आणि लहान व्यापाऱ्यालाही दारात स्वतःची मालगाडी असावी असे वाटू लागले. दीड टनाच्या आसपास माल नेणाऱ्या पिकअप गाड्यांचाही वापर वाढला. नवी गाडी घेणे मात्र प्रत्येकाला परवडत नाही, आणि परवडले तरी प्रत्येक वेळी ते शहाणपणाचे ठरतेच असे नाही. मग जुन्या गाड्या पाहणे सुरू होते. रंग, टायर, हौदा यांचा निर्णय डोळ्यांनी होतो. गाडे अडते ते एकाच प्रश्नापाशी. इंजिन किती दिवस साथ देईल?

सांगलीतील एका घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या घरी हा प्रश्न गेल्या वर्षी आला. एकत्र कुटुंब, दोन भाऊ, आणि नुकताच दुकानात बसू लागलेला धाकट्या भावाचा मुलगा. तासगाव, कवठेमहांकाळ आणि जत या बाजूच्या दुकानदारांना माल पोहोचवण्यासाठी महिन्यातून बारा-चौदा दिवस टेम्पो भाड्याने आणावा लागे. सणाच्या तोंडावर टेम्पो मिळत नसे आणि मिळाला तरी भाडे वाढलेले असे. पुतण्याचे म्हणणे एवढेच होते की, स्वतःची पिकअप घ्यावी.

घरात ७,००,००० रुपयांची ठेव होती. त्यांपैकी १,६०,००० रुपये पुतण्याच्या धाकट्या बहिणीच्या फार्मसीच्या शुल्कासाठी राखून ठेवलेले होते. उरले ५,४०,०००. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखांच्या घरात जात होती. दीड लाख स्वतःचे घालून साडेआठ लाखांचे कर्ज घेतले, तर १० टक्के व्याजाने पाच वर्षांचा हप्ता महिना सुमारे १८,००० रुपये येत होता. रोज धावणाऱ्या गाडीला हा हप्ता जड नाही. निम्मा महिना दारात उभ्या राहणाऱ्या गाडीला तो जड आहे. शिवाय ज्या धंद्याचे निम्मे भांडवल उधारीत अडकलेले असते, त्याने ठरावीक तारखेचा नवा बोजा विचार करूनच घ्यावा. म्हणून जुनी गाडी पाहण्याचे ठरले.

ठरताक्षणी सल्ल्यांचा पाऊस पडला. अमुक मॉडेलचे इंजिन लाखाच्या आत बसते, तमुक गाडीचा टर्बो टिकत नाही, जुने ते सोने, नव्यात काही दम नाही. अशा बोलण्यात तथ्य नसतेच असे नाही. पण त्याचे वजन करण्याची रीत वेगळी आहे. बँकेत शंभर खात्यांपैकी दोन थकली, तर चर्चा त्या दोनांचीच होते. नियमित हप्ते भरणाऱ्या अठ्ठ्याण्णवांचे नाव कोणी काढत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. बंद पडलेल्या गाडीची गोष्ट गावभर होते, निमूट चालणाऱ्या गाडीची होत नाही. म्हणून ऐकीव तक्रार मिळाली की तिचा एकच उपयोग करावा: तो भाग मिस्त्रीला आवर्जून तपासायला सांगावा. त्यापलीकडे मॉडेलच्या कीर्तीपेक्षा समोर उभ्या असलेल्या गाडीचा इतिहास अधिक महत्त्वाचा मानावा. कर्ज जातीला किंवा आडनावाला देत नाहीत, व्यवहार पाहून देतात.

त्या घराने अनेक गाड्या पाहिल्या आणि शेवटी दोन उरल्या. पहिली २०२१ ची, रंग झगझगीत, मीटरवर ६२,००० किलोमीटर, किंमत ५,६०,०००. दुसरी २०१८ ची, रंग उडालेला, हौद्याला पोचे, मीटरवर १,७४,००० किलोमीटर, किंमत ४,००,०००. पुतण्याचे मन अर्थातच पहिलीवर गेले.

घरात सारे ज्यांना अण्णा म्हणतात, त्या थोरल्या भावाने किलोमीटरचा आकडा बाजूला ठेवून दोन्ही मालकांना एकच प्रश्न विचारला, “गाडी कोणता माल वाहत होती?” पहिली वीटभट्टीवर होती. क्षमतेपेक्षा जास्त विटा, कच्चा रस्ता, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चालणे आणि धूळ. दुसरी रात्री तासगावची द्राक्षे आणि इतर दिवसांत भाजीपाला घेऊन वाशीच्या बाजाराला जात होती. महामार्गावर एका संथ वेगाने धावणारे इंजिन तापमानाला स्थिर असते, त्याला तेल नीट मिळते, त्याची झीज किलोमीटरमागे कमी होते. ओझ्याखाली रखडणारे इंजिन थोड्या किलोमीटरमध्ये अधिक म्हातारे होते. शिवाय मीटर मागे फिरवता येतो, कामाचा प्रकार लपवणे त्या मानाने कठीण असते. हौद्याचा तळ आणि मागचे पाटे पाहिले की मालाची जात कळते.

दुसरा मुद्दा प्रदूषणाच्या नियमांचा. १ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या गाड्यांना बीएस-६ हे मानक लागू झाले. त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी आली. तिला डीपीएफ म्हणतात. अडलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाळणी पुरेशी तापावी लागते, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. भट्टी ते बांधकाम अशा आखूड फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ही गाळणी तुंबण्याचा धोका असतो, आणि ती बदलणे महाग पडते. याचा अर्थ बीएस-६ गाडी वाईट असा मुळीच नाही. लांबच्या फेऱ्या असणाऱ्याला ती उत्तम. मात्र जुनी घेताना तिचे पूर्वीचे काम आणि आपल्याकडचे काम, दोन्हींचा मेळ पाहावा लागतो.

दोन्ही गाड्या पाहायला घरच्या ओळखीचा एक वयस्क मिस्त्री बरोबर होता. त्याची पहिली अट अशी की, गाडी सकाळी पाहायची आणि आपण पोहोचण्यापूर्वी ती कोणी सुरू करायची नाही. पहिल्या गाडीपाशी जाताच त्याने बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होते. मालक म्हणाला, “जरा पुढं-मागं घेतली होती.” मिस्त्री काही बोलला नाही, पण थंड इंजिन कसे सुरू होते ही सर्वांत मोलाची माहिती त्या दिवशी मिळाली नाही. ज्या इंजिनाचे दाबबळ कमी झाले आहे ते सकाळी आढेवेढे घेते. गरम झाल्यावर तेच शहाण्यासारखे वागते.

मग धुराची पाहणी झाली. धुराचा रंग ही इंजिनाची भाषा आहे. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे, बहुधा पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बो झिजला आहे. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा अपुरी, किंवा नोझल बिघडलेले. थंडीत सुरुवातीला थोडी वाफ दिसणे स्वाभाविक आहे, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर टिकला तर पाणी आत जात असल्याची शंका घ्यावी. चालू इंजिनाचे ऑईल भरण्याचे झाकण सैल केले असता भकाभक धूर उसळला, तर ज्वलनाचा वायू पिस्टनच्या बाजूने खाली उतरतो आहे असे समजावे. झाकणाच्या आत ताकासारखा पांढरट थर असेल तर ऑईलमध्ये पाणी मिसळत असू शकते. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावे. तापलेले उघडणे जिवावर बेतू शकते.

दुसऱ्या गाडीचा मालक स्वतः चालक होता. त्याने आपणहून सांगितले, “सव्वा लाखाला हेड गॅसकेट बदललंय, ही पावती.” पावतीबरोबर सर्व्हिसच्या नोंदीही होत्या. त्यांतील तारखा आणि किलोमीटर एकमेकांशी जुळत होते, ऑईल वेळेवर बदललेले होते. इंजिन थंड असताना एका झटक्यात सुरू झाले. मिस्त्रीने दाबाची चाचणी केली. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आले. एखादाच आकडा बराच खाली असता, तर ती धोक्याची खूण ठरली असती. शेवटी हौद्यात एक टन माल टाकून गाडी चढावर नेली. तापमानाचा काटा जागचा हलला नाही.

पुतण्याला अजूनही १,७४,००० हा आकडा खुपत होता. तो म्हणाला, “अण्णा, उद्या हे इंजिन बसलं तर?”

अण्णा म्हणाले, “बसू शकतं. म्हणून तर आजच त्याचा हिशेब करायचा.”

मिस्त्रीने संपूर्ण इंजिनकामाचा अंदाज ९०,००० रुपये सांगितला होता. तीन वर्षांत ते करावे लागण्याची शक्यता त्याच्या मते चारांत एक. पुतण्याने लगेच गणित मांडले. नव्वद हजारांचा चौथा हिस्सा साडेबावीस हजार; तेवढी तरतूद पुरे. वरवर पाहता गणित बिनचूक आहे. दहा गाड्या बाळगणाऱ्या वाहतूकदाराला ते लागूही पडते, कारण त्याच्या दहांपैकी दोन-तीन बिघडतील आणि सरासरी निभावून जाईल. एकच गाडी असणाऱ्या घराला सरासरी लागू होत नाही. त्याचे इंजिन एक चतुर्थांश बसत नाही. एक तर ते चालते किंवा पूर्ण बसते. म्हणून एका गाडीच्या घराने खर्चाची पूर्ण रक्कम बाजूला ठेवावी आणि ती ठेवूनही गाडी परवडत असेल तरच सौदा करावा.

त्या रात्री जेवणानंतर हिशेब उलट्या बाजूने मांडला गेला. हाती ५,४०,०००. इंजिनासाठी राखीव ९५,०००. टायर, बॅटरी, पट्टे आणि ऑईल यांसाठी ४५,०००. नावावर करणे आणि विमा यांसाठी ३०,०००. उरले ३,७०,०००. गाडीची जास्तीत जास्त किंमत ही. विकणारा ३,८५,००० च्या खाली उतरत नव्हता. पुतण्या म्हणाला, “पंधरा हजारांचाच प्रश्न आहे. राखीव जरा कमी ठेवू, नाहीतर फीच्या पैशांतून घालू. चार महिन्यांत भरून काढतो.”

इतका वेळ गप्प बसलेल्या आजी तेवढ्यावर बोलल्या, “अरे, ऐन जूनमध्ये गाडी बंद पडली तर पोरीची फी कुठनं भरशील?”

त्या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि निर्णय त्यातच झाला. विकणाऱ्याला निरोप गेला: ३,७०,०००, सर्व रक्कम एकरकमी, बँकेमार्फत, कागद पूर्ण होतील त्या दिवशी. हप्त्याहप्त्याने पैसे मागणारी गिऱ्हाइके त्याच्याकडे बरीच येऊन गेली होती. तिसऱ्या दिवशी त्याने होकार कळवला.

कागदांबाबतही ढिलाई झाली नाही. नोंदणीपुस्तकावर वित्तसंस्थेचा बोजा शिल्लक नाही ना, फिटनेसची मुदत किती, दंडाची चलने थकली आहेत का, हे आधी पाहिले गेले. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते, हाही खर्च हिशेबात धरायचा असतो. विमा नव्या मालकाच्या नावे करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो. आणि विकणाऱ्यानेही निष्काळजी राहू नये, कारण नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

इंजिनाच्या खात्रीचा विचार केवळ पैशांसाठी करायचा नसतो. उतारावर इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोनदा दाबल्यावर संपते, पेडल दगडासारखे होते आणि पॉवर स्टीअरिंगही जड होते. त्या क्षणी गाडीत मालक बसलेला नसतो. बसलेला असतो चालक, कोणाचा तरी मुलगा. स्वस्तात मिळालेल्या संशयास्पद इंजिनाची खरी किंमत कदाचित त्याला मोजावी लागते. त्या घरात तर गाडी चालवणार होता पुतण्या स्वतः.

गाडीला आता वर्ष झाले. चौथ्या महिन्यात पाण्याचा पंप गेला, पुढे एक नोझल बदलावे लागले. दोन्ही खर्च राखीव रकमेतून झाले आणि दुकानाच्या फायद्यातून ती रक्कम पुन्हा ९५,००० पर्यंत भरून ठेवली गेली. मुलीचे शुल्क वेळेवर भरले गेले. मुख्य इंजिन उद्या बसणार नाही असे कोणी म्हणत नाही, आणि तशी गरजही उरलेली नाही.

जुनी गाडी घेताना निर्धोक इंजिन शोधत बसले तर ते कधीच सापडत नाही. शोधायचा असतो तो मालक, जो दोष सांगतो. तपासायचा असतो तो व्यवहार, जो नोंदींत दिसतो. आणि बांधून ठेवायची असते ती रक्कम, जिला सौदा कितीही गोड वाटला तरी हात लावायचा नसतो.