सात खणांची पेटी

पोत्यात हात घालून पाना शोधायचा म्हणजे उकिडवं बसावं लागतं. साठी ओलांडली आणि माझे गुडघे उकिडवं बसायला नाही म्हणू लागले. बसलं तर उठता येत नाही, आणि धरून धरून उठेपर्यंत कशासाठी बसलो होतो ते आठवत नाही. त्यात डोळ्यांनाही आता १२-१३ आणि १४-१५ मधला फरक लांबून दिसत नाही. म्हणून दोन वर्षांमागं मी ठरवलं की हत्यारांसाठी खणांची पेटी घ्यायची. उभ्या उभ्या खण ओढायचा, पाना घ्यायचा, खण ढकलायचा.

कारभारीण म्हणाली, "या वयात मला खण घ्यायचं सोडून सोताच खण घ्यायला निघालाय व्हय?" मी म्हणालो, "तुझा खण एक, माझं सात." ती हसली, पण पैसे किती लागणार ते विचारून मगच हसली.

आमच्या आज्याच्या घरात हत्यारं अशी नव्हतीच. विळा, खुरपं, कुऱ्हाड, कुदळ एवढंच. लाकडी नांगर बिघडला की सुताराच्या दारात, फाळ बोथटला की लोहाराच्या भात्यावर. वर्षाला बलुतं घालायचं. हत्यारं त्यांची, गरज आपली. मग लोखंडी नांगर आला. किर्लोस्करवाडी आमच्याच सांगली जिल्ह्यातली, १९१० साली वसलेली. तिथला लोखंडी नांगर गावोगाव गेला आणि त्याच्यासोबत नटबोल्ट शेतकऱ्याच्या घरात शिरला. नट आला म्हणजे पाना आलाच. पुढं तेलाचं इंजिन आलं, विजेची मोटार आली, ट्रॅक्टर आला, आणि निम्मा शेतकरी निम्मा मिस्त्री झाला.

आमच्या आबांनी इंजिन घेतलं त्या वर्षी सांगलीहून बारा पान्यांचा संच आणला. ६-७ पासून ३०-३२ पर्यंत. त्यासाठी गावच्या सुताराकडून बाभळीची पेटी करून घेतली. खाली मोठा कप्पा, वर दोन खण. आबांचा एक नियम होता. हत्यार पुसल्याशिवाय पेटीत जायचं नाही. आम्ही दोघं भाऊ शाळेतून आलो की आबांच्या हाताखाली असायचो. मी पाना द्यायचा, धाकट्यानं पुसून ठेवायचा.

१९९४ साली आमची वाटणी झाली. जमिनीची झाली, बैलांची झाली, भांड्यांची झाली. शेवटी पंच पेटीपाशी आले. पेटी धाकट्याला गेली, बदल्यात मला कडबाकुट्टीचं मशीन आलं. राहिला पान्यांचा संच. पंचांनी तो घोंगड्यावर मांडला आणि पत्ते वाटावेत तसा वाटला. ६-७ मला, ८-९ त्याला, १०-११ मला, १२-१३ त्याला. असं करत सहा मला आले, सहा त्याला गेले. वाटणी अगदी बरोबर झाली आणि दोघांचाही संच मोडला. आबा ओट्यावर बसून बघत होते. काही बोलले नाहीत.

मग मी १२-१३ विकत घेतला, १६-१७ घेतला, कारण ते रोज लागतात. २४-२७ घेतला नाही. तो वर्षातून एकदा लागायचा, आणि लागला की पोराला बांधापलीकडं पाठवायचं. "काका, पाना द्या." काका द्यायचा. परत जाताना पाना पुसून जायचा. असं वीसेक वर्षं चाललं. मग त्याच बांधावरून आमचं बिनसलं. कुणी किती वीत सरकवला ते इथं लिहीत नाही, कारण ते लिहिलं तर मी माझ्याच बाजूचं लिहीन. बोलणं बंद झालं एवढं खरं.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा चढली. तशी ती २००५ सालीही चढली होती, त्यामुळं आम्हाला वाटलं, तेवढीच चढेल. रात्री पोरगा हाक मारत आला की पाणी मोटारीच्या चौथऱ्याला लागलंय. आम्ही बॅटरी, दोर आणि हत्यारांचं पोतं घेऊन पळालो. मोटार सोडवायची तर फ्लँजचे चार बोल्ट काढायचे होते. सोळा मिलिमीटरचे बोल्ट, त्यांच्या नटांना २४ चा पाना लागतो. मी पोरग्याला म्हणालो, शोध. त्यानं पोतं उलटं केलं. चिखलात पाने पसरले, त्यानं एकेक बॅटरीच्या उजेडात धरून बघितला. स्क्रू पाना लावून बघितला, तो घसरला आणि नटाचे कोपरे गोल झाले. गुडघ्याएवढं पाणी आलं तेव्हा आम्ही माघारी फिरलो. मोटार पाण्याखाली गेली. पूर ओसरल्यावर बाहेर काढली तेव्हा आत गाळ भरला होता. भरून आणायला, बेअरिंग घालायला सात हजार गेले.

लोकांना मी सांगितलं, पाना हरवला. घरातही तेच सांगितलं. पोरगा अजून तेच सांगतो. पण पाना हरवला नव्हता. तो धाकट्याकडं होता, आणि मला ते पोतं उलटं करायच्या आधीच ठाऊक होतं. धाकट्याच्या घरातला कंदील मला तिथून दिसत होता. दोनशे पावलं चालायची तेवढी बाकी होती. मी पोराला नसलेला पाना शोधायला लावला, पण ती दोनशे पावलं चाललो नाही.

असो. पेटीचं सांगत होतो.

आधी आठवड्याच्या बाजारातून प्लॅस्टिकची पेटी आणली होती. दिसायला झकास. पण पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर तापून प्लॅस्टिक कडकडीत झालं आणि दुसऱ्या वर्षी झाकणाची बिजागरी पापडासारखी मोडली. मग पाच कप्प्यांची लोखंडी पेटी बघितली, पायऱ्यांसारखी उघडते ती. वायरमन लोक घेऊन फिरतात. उचलून न्यायला ती चांगली. ज्याला दारोदार काम आहे त्यानं तीच घ्यावी. पण ती जमिनीवर ठेवावी लागते, म्हणजे परत गुडघे आलेच. शिवाय लांब पाना तिच्यात बसत नाही.

पोरगा पुण्याला असतो. त्यानं मोबाईलवर फोटो पाठवले. लाल, काळ्या, चाकांच्या, कुलपाच्या पेट्या. पाच खणांची नऊ हजार, सात खणांची बावीस हजार. म्हणाला, "आबा, मी पाठवतो." मी म्हणालो, थांब. बैल घेताना दात बघायचे असतात, फोटोत दात दिसत नाहीत.

सांगलीत दोन दुकानं हिंडलो आणि पेटीचे दात कसे बघायचे ते शिकलो. पहिलं म्हणजे पत्रा. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. अठरा गेज म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर, बावीस गेज म्हणजे पाऊण मिलिमीटरच्याही आत. खणाच्या तळाला अंगठ्यानं दाबायचं. डब्याच्या झाकणासारखं टक् टक् वाजलं तर तो खण पान्यांचा नाही, बांगड्यांचा. दुसरं, खण पूर्ण बाहेर ओढून वरून हात ठेवायचा. मान टाकतोय का बघायचं. डावीउजवीकडं हलवायचा. तिसरं, खण किती खोल आहे ते बघायचं. आपल्याला वाटतं, खोल असला तर जास्त मावेल. मावतं, पण एकावर एक पडतं आणि खणाचं परत पोतं होतं. पान्यांना दोन-तीन इंच पुष्कळ. खोल खण हवा तो तळाला एकच, घण, ग्रीस गन आणि ड्रिल मशीन ठेवायला. चौथं, चाकं. दुकानातल्या फरशीवर ती छान फिरतात. आमच्या शेडमध्ये शेणामातीची जमीन. चाकांना पैसे कशाला द्यायचे?

भंगारवाल्याकडं कचेरीतलं फायलींचं कपाट दीड हजारात मिळत होतं. चार खण, पण एकेक विहिरीएवढा. सोडून दिलं.

शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. तिथं लेथ, मोल्डिंग, इंजिनाचे पार्ट हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. एका जुन्या सामानाच्या गाळ्यात, बंद पडलेल्या वर्कशॉपमधून आलेली सात खणांची पेटी उभी होती. हिरवा रंग, ठिकठिकाणी उडालेला. पत्रा अठरा गेज. पाच खण सरळ चालत होते, दोन अडकत होते. कुलूप होतं, किल्ली नव्हती. मालकानं साडेसहा हजार सांगितले. मी अडकलेला खण ओढून तसाच अर्धवट ठेवला आणि त्याच्याकडं बघत उभा राहिलो. गुऱ्हाळावर दराची घासाघीस करून माझं आयुष्य गेलंय. चार हजार आठशेला तुटलं.

टेम्पोला नऊशे गेले. पेटी दारात आली तेव्हा संध्याकाळ होती. ती उतरवायला दोन माणसं हवीत, तीही धडधाकट. ड्रायव्हर एकटा, आणि मी असून नसल्यासारखा. मी एका बाजूला हात लावला, गुडघा लचकला, पेटी टेम्पोच्या फळीवर कलली. तेवढ्यात कुणीतरी माझ्या बाजूनं खांदा लावला. बघितलं तर धाकटा. रानातून चालला होता, हातात वैरणीचा भारा होता, तो त्यानं तिथंच टाकला होता.

पेटी शेडमध्ये गेली. धाकट्यानं वरचा खण ओढून बघितला, ढकलला. दुसरा ओढला, तो अडकला.

"सात खण," तो म्हणाला. "एवढं हाय काय तुझ्याकडं?"

तीन वर्षांनी बोलला होता. मी म्हणालो, "न्हाई. तीन भरत्यात."

तो भारा उचलून निघून गेला.

पुढचा आठवडा पेटीच्या मागं गेला. सगळे खण रॉकेलनं धुतले. अडकणाऱ्या दोन खणांसाठी नव्या पद्धतीच्या, छऱ्यांच्या पट्ट्या आणल्या, आणि तिथं माझी अक्कल उघडी पडली. त्या पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच जागा लागते. जुन्या पेटीत तेवढी फट नसतेच. आधी मोजायला पाहिजे होतं. पट्ट्या परत केल्या, जुन्याच पट्ट्या हातोडीनं हळूहळू सरळ केल्या, कानस मारली आणि त्यावर मेणबत्ती घासली. आता खण लोण्यावरून गेल्यासारखा जातो. रेडऑक्साईड आणि रंगाला सहाशे लागले. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून अँगलचं दीड फुटाचं स्टँड केलं, त्याचे अकराशे. गुडघ्यांसाठीही केलं आणि ओलीसाठीही. सगळं मिळून सात हजार चारशे. पुरात मोटार भरायला गेले त्याहून चारशे जास्त.

पहिल्याच दिवशी एक धडा मिळाला. मी हौसेनं वरचे तीन खण भरले आणि तिन्ही एकदम उघडले. पेटी पुढं झुकली. दाराशी होतो म्हणून छातीनं अडवली. तेव्हापासून जड सामान खाली, एका वेळी एकच खण, आणि मागून दोन पट्ट्या भिंतीला बोल्टनं आवळल्या. कुणी पेटी घेणार असेल तर हे आधी करावं. आणि युरिया-पोटॅशची पोती त्या खोलीत ठेवू नयेत. खत ओल धरतं आणि लोखंड खातं. माझे निम्मे पाने पोत्यात गंजले त्याचं कारण हेच, पोतं खताचं होतं.

खणांच्या तळाला ट्रॅक्टरची जुनी ट्यूब कापून अंथरली. पाने क्रमानं मांडले आणि प्रत्येकाभोवती पांढऱ्या रंगानं रेघ ओढली, म्हणजे कुठला नाही ते लगेच दिसावं. संच पुरा करायचा म्हणून जे नव्हते त्यांच्याही जागा अंदाजानं आखल्या. बारा जागा. अकरा भरल्या. २४-२७ ची जागा मोकळी दिसायला लागली. दुकानात तो मिळाला असता. मी सांगलीला दोनदा गेलो आणि दोनदा न घेता आलो.

मग एका सकाळी मी बांध ओलांडून गेलो. दोनशेच पावलं आहेत, मोजली. धाकटा गोठ्यात होता. आबांची बाभळीची पेटी कोपऱ्यात पडलेली दिसली. पुरात आठ दिवस पाण्यात राहून तिचे सांधे सुटले होते, तळ गेला होता. त्याचीही हत्यारं पोत्यातच होती. मला हे ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, "पेटीत चार खण रिकामं हायती."

तो शेण काढत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "कुलूप हाय काय त्याला?"

"किल्ली न्हाई," मी म्हणालो.

"मग बरंय."

दुपारी तो पोतं घेऊन आला. खाली बसून एकेक हत्यार फडक्यानं पुसलं, मला दिलं, मी खणात ठेवलं. लहानपणी उलटं होतं. २४-२७ निघाला तेव्हा तो मी मोकळ्या जागेवर ठेवला. रेघ अंदाजानं ओढली होती, थोडी लांब झालेली. धाकट्यानं ते बघितलं आणि विचारलं, "त्या राती मोटार का सोडवली न्हाईस?"

मी खरं सांगितलं. पहिल्यांदा त्यालाच सांगितलं. आता तुम्हाला सांगतोय.

तो म्हणाला, "मी जागाच होतो."

बांधाचा प्रश्न अजून तसाच आहे. मोजणीचा अर्ज दोघांनीही मागं घेतलेला नाही. पण खालचे चार खण त्याचे आहेत. तो केव्हाही येतो, पाना घेऊन जातो. परत ठेवतो तेव्हा मी बघतो, पुसलेला असतो.