गुलमर्गची थंडी आणि रात्रीची डोकेदुखी

फेब्रुवारीत आम्ही तीन कुटुंबं मिळून गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेलो होतो. पहिल्या दिवशी लख्ख ऊन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी पाऊस, मग पावसातच बर्फ आणि दुपारी असा वारा सुटला की गंडोला बंद झाली. आमची वरात ओल्या मोज्यांनिशी हॉटेलवर परतली. (जीन्स घालून बर्फात जाऊ नका असं मी पुण्यातच बजावलं होतं. ओलं सुती कापड अंगातली ऊब झपाट्याने काढून घेतं. पण घरच्या डॉक्टरचं कोण ऐकतं?)

संध्याकाळी एका खोलीत बुखारी पेटवली. बुखारी म्हणजे लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी, तिचा धूर नळीवाटे छपराबाहेर जातो. वारा येतो म्हणून खिडक्यांच्या फटीत टॉवेल कोंबले, ओले कपडे भोवती वाळत घातले. साडेदहाच्या सुमाराला वहिनी म्हणाल्या, "भावजी, डोकं फुटतंय, मळमळतंय." पाठोपाठ त्यांच्या मुलाचं, मग दादाचंही तेच. दादाने निदानही करून टाकलं, "विरळ हवा. ती उंचीची गोळी दे."

विरळ हवेचा त्रास खोटा नाही. गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर आहे आणि गंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटवर ३९०० मीटरच्या वर नेतो. पण हा त्रास बहुधा उंची गाठल्यावर पहिल्या दिवसा-दोन दिवसांत, प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी होतो. आम्ही तर त्या दिवशी वर गेलोच नव्हतो. शिवाय एकाच खोलीतल्या तिघांचं डोकं एकाच तासात दुखत होतं आणि शेजारच्या खोलीत विजेच्या ब्लँकेटखाली झोपलेली मंडळी ठणठणीत होती.

मी आधी खिडक्या उघडल्या, सगळ्यांना बाहेरच्या गार व्हरांड्यात काढलं आणि बुखारी विझवायला लावली. नळीत काजळी आणि बर्फ अडकला होता. लाकूड अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे उंचीमुळे आधीच कमी असलेला प्राणवायू आणखी अडवला जातो.

वहिनींच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा माझ्याइतकाच! इथेच माणसं फसतात. हे साधं यंत्र कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिनही ऑक्सिजनवालं समजून मोजतं. आकडा बरा दिसला म्हणून निजणं धोक्याचं, कारण झोपेत हा वायू जीव घेऊ शकतो. तिघांना जवळच्या दवाखान्यात नेऊन मास्कने ऑक्सिजन दिला. पहाटेपर्यंत डोकी उतरली.

तुम्ही काश्मीर, मनाली, औलीला जाणार असाल तर शेकोटीच्या खोलीत झोपू नका. बुखारी किंवा कांगडी निजण्याआधी बाहेर जाऊ द्या, खिडकी बोटभर उघडी ठेवा. डोकं दुखलं तर आधी बघा, खोलीत आणखी कुणाचं दुखतंय का? मोकळ्या हवेत उतरतंय का? चक्कर, गोंधळ किंवा गुंगी असेल तर सकाळची वाट पाहू नका. आणि बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला येत असेल, तर ती उंचीची गंभीर खूण आहे. तेव्हा गोळीवर विसंबू नका, लगेच खाली उतरा.

तिसऱ्या दिवशी पुन्हा ऊन पडलं. वहिनी स्कीइंगला आल्या नाहीत, गॉगल लावून चहा पीत बसल्या. दुसऱ्या टप्प्याची तिकिटं आम्ही सोडून दिली.