ठसठस आणि सणक

भोरला खालची अक्कलदाढ काढून घेतली आणि बोळा दाताखाली दाबून, कापूरहोळ-नसरापूरमार्गे वेल्ह्याला आत्याकडे आलो. वाटेत बोलता येत नव्हते. व्याख्यानांवर पोट भरणाऱ्याला हा अनुभव तसा हितकारकच. दाढेच्या खाचेत रक्ताची गुठळी धरते, तिच्याच आधाराने जखम भरते, म्हणून २४ तास चूळ भरू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. मी त्याच रात्री खळखळून चुळा भरल्या.

तिसऱ्या दिवशी, दुखणे ओसरायचे तर ते वाढले.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ सालच्या ‘ऑन बीइंग इल’ या निबंधात, आजारपण सांगू जाता इंग्रजी भाषा अपुरी पडते, अशी तक्रार केली आहे. दातदुखीवर भावगीते का नसावीत, असेही त्यांना वाटे. हा निबंध मी बरीच वर्षे शिकवला. आत्याने तो वाचलेला नाही. तांदूळ पाखडता पाखडता तिने विचारले,

“ठसठसतंय, का कानात सणक जातीया?”

मी कानाकडे बोट केले.

“मग सकाळच्या एसटीनं भोर गाठ. ठसठस असती तर म्हटलं असतं, बस गप.”

गुठळी निघून हाड उघडे पडले होते. डॉक्टरांनी खाच धुऊन लवंगतेलाचे औषध भरले. हिरडी मिळून यायला काही आठवडे, आतले हाड भरायला काही महिने लागणार. सणक मात्र त्याच दुपारी विरली.

संध्याकाळी आत्याला फोन केला. म्हटले, आता नुसतेच ठसठसते आहे.

“मग जेव,” ती म्हणाली.