शिसं, साचा आणि रेवा

प्रिय निनाद,

गॅरेजमध्ये बंदुकीच्या गोळ्या ओततानाचा तुझा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. माझं निम्मं आयुष्य छापखान्यात अक्षरं ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्रापाशी गेलं, त्यामुळे नजर आपोआप तुझ्या हाताकडे गेली. धार एकसारखी सोडतोस, घाई करत नाहीस. फार बरं वाटलं. आमच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असायचं. अँटिमनीने अक्षर कडक होतं, कथलामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो. अमेरिकेतल्या छापखान्यांतला हाच धातू पुढे भंगारातून गोळ्या ओतणाऱ्यांकडे गेला, तेव्हा आपण दोघे एकाच धंद्यातले म्हणायचे. इथे भारतात परवान्यावाचून गोळ्या बनवणं हा गुन्हा आहे, तिकडे अमेरिकेत तो छंद आहे. त्या वादात मी पडत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा साचा घेतलास ते उत्तम. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, अ‍ॅल्युमिनियम ६६० ला. शिवाय हे दोन धातू एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून गोळी साच्याला धरून बसत नाही. साचा चटकन तापतो, गंजत नाही. पण तो मऊ असतो. वरची पट्टी सरकवायला लाकडी हातोडीच वापर, साच्याच्या अंगावर ठोकू नकोस. सुरुवातीच्या गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, कारण साचा पुरता तापला नव्हता. त्या परत भांड्यात टाकताना कोरड्या आहेत ना, एवढं बघ. रसाखाली पाण्याचा थेंब गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळतो. चष्मा, हातमोजे, लांब बाह्या दिसल्या, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

पत्र लिहायला बसलो तो व्हिडिओच्या शेवटामुळे. चमच्याने रसावरची मळी काढून तू उघड्या डब्यात झटकलीस, मोजे काढून टाकलेस, आणि दार उघडताच त्याच शर्टावर रेवाला उचलून घेतलंस.

वाफेसाठी तू पंखा लावला होतास. पण तुझ्या भांड्याच्या तापमानाला शिशाची वाफ फारच थोडी होते. घात करते ती मळीची राखाडी भुकटी. ती बाहीला, केसांना, बुटांच्या तळव्यांना लागून घरात येते, आणि रेवा आता रांगते. जमिनीवरचा हात तिच्या तोंडात जातोच. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घासून काढतोस ना, त्या धुळीतही टोपीतल्या स्फोटकाचं शिसं असतं.

आमच्या छापखान्यात शिशावर उतारा म्हणून गूळ द्यायचे. गुळाने शिसं उतरत नाही. रक्तातलं महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडांत शिरलेलं मात्र कित्येक वर्षं तिथेच राहतं. मुलांच्या वाढत्या मेंदूला ते बाधतं, आणि अमुक इतकं चालेल अशी सुरक्षित पातळी सापडलेली नाही. तुमच्या सीडीसीने, म्हणजे तिकडच्या रोगनियंत्रण संस्थेने, मुलांसाठी दखल घेण्याची पातळी २०२१ मध्ये रक्ताच्या डेसिलिटरला ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली ती म्हणूनच.

तिकडचीच एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १७७६ च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा पुतळा पाडला गेला. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफिल्डला नेऊन ऑलिव्हर वोल्कॉट यांच्या घरी त्यांच्या मुलांनी आणि गावातल्या बायकांनी ४२,०८८ गोळ्या ओतल्या. स्वातंत्र्ययुद्धाचा तो अभिमानाचा प्रसंग, आणि तो होताही. पण मी वाचताना त्या मुलांचे हातच पाहत राहतो. शिसं मेंदूचं काय करतं हे त्यांच्या वडिलांना ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक आहे.

ओतकामाचे कपडे आणि बूट गॅरेजातच ठेव, ते वेगळे धू. मळी झाकणाच्या डब्यात ठेव. जमीन झाडू नकोस, ओल्या फडक्याने पूस. शिसं काढणारा साबण मिळतो, त्याने हात-तोंड धुऊन मगच घरात पाऊल टाक. तिथे खाणंपिणं तर मुळीच नको. आणि या आठवड्यात तुम्हा तिघांचं रक्त तपासून घे. सूनबाई अंगावर पाजते, म्हणून तिचंही. आकडे आले की रात्र असली तरी फोन कर.

तुझा,
मामा