सहा महिने बाळ ठणठणीत कसं?

घिवलीला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी पहिले सहा महिने चांगली गुटगुटीत होती. मग ती फिकट पडू लागली, दूध पिता पिता दमू लागली. कोणी म्हणालं नजर लागली. सासूबाईंनी मात्र बहिणीलाच बोल लावला, वरचं दूध घाईने सुरू केलं म्हणून. तपासणीत थॅलेसेमिया मेजर निघाला. तरी सासूबाई म्हणत, "आजार जन्माचा, तर सहा महिने पोर ठणठणीत कशी?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे उत्तर द्यायला मलाच बसवलं.

शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. इन्सुलिनचं जनुक डोळ्याच्या पेशीतही आहे, पण तिथे ते बंद. स्वादुपिंडातल्या ठरावीक पेशींतच चालू. पाककृतींची वही एकच, पण शीरखुर्म्याचं पान ईदला उघडतं, डाळीचं रोज. कुठलं पान कुठे आणि केव्हा उघडायचं, यावर पेशीचं काम ठरतं.

हिमोग्लोबिनचंही तसंच. पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यावा लागतो, म्हणून त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं: दोन अल्फा आणि दोन गॅमा साखळ्यांचं. जन्मानंतर गॅमाचं जनुक हळूहळू मिटतं आणि बीटाचं जोर धरतं. सहा महिन्यांत ही अदलाबदल बहुतेक पुरी होते. आमच्या बाळाची बीटाची दोन्ही जनुकं सदोष आहेत, एक आईकडचं, एक बापाकडचं. गॅमाचं पान उघडं होतं तोवर भागलं. दुधाचा यात काडीचा संबंध नाही.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग बहिणीला म्हणाल्या, "तू जेवलीस का?"

मिटलेलं गॅमा पुन्हा उघडता येतं का? बीसीएल११ए नावाचं जनुक त्याला दाबून ठेवतं, हे 2008 साली दिसलं. रक्ताच्या मूळपेशींत तेच जनुक निष्क्रिय करणारी उपचारपद्धती ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये मंजूर केली. आपल्या खिशाला मात्र ती परवडण्यासारखी नाही. सध्या दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, आणि त्यातून साठणारं लोह काढायला औषध. त्या दिवशी बहीण बाळाला घेऊन सकाळीच बोईसरहून मुंबईची गाडी पकडते.

आता तिच्या दिराचा निकाह मामेबहिणीशी ठरतोय. दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक धोका. एकच असला तर मूल मेजर होत नाही. नात्यात दोघंही वाहक निघण्याची शक्यता जास्त. एचबी-ए2 ची रक्ततपासणी दोघांची करा, असं या वेळी सासूबाईच म्हणाल्या. दीर वाहक निघाला. मुलीचा अहवाल यायचा आहे.