सातबारा नसलेली शेती

आमच्या घनसावंगी तालुक्याच्या दक्षिणेला गोदामाईचा काठ आहे आणि जायकवाडीचा डावा कालवा तालुक्यातून जातो. पाटाच्या पाण्यावर ऊस, विहिरीवर मोसंबी आणि उरलेल्या शिवारात कापूस, तूर, सोयाबीन अशी आमची शेती. परंतु आज ज्या शेतीविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत, ती ना पाटाखाली आहे, ना विहिरीवर. गावोगावच्या गायरानात, जेथे कुसळीवाचून दुसरे काही उगवत नव्हते अशा मुरमाड माळावर, भूमिहीन माणसांनी दगड वेचून, बांध घालून जे दोन-तीन एकर वहितीला आणले, त्या शेतीची ही हकिकत आहे.

दारिद्र्य हटविण्याच्या मोहिमा आपल्या शेतकरी कुटुंबांना नव्या नाहीत. रथ येतो, पंधरवडा साजरा होतो, शाळेच्या पटांगणात शपथ घेतली जाते, फलकावर हसरे कुटुंब असते. विस्तार अधिकारी या नात्याने अशा पुष्कळ सभांत मी बोललो आहे. त्यांचा उपयोगच नाही असे मी म्हणणार नाही. बीजप्रक्रिया घराघरांत पोचली ती अशाच सभांमुळे. पण सभा संपली आणि माणूस अर्ज घेऊन टेबलाशी आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सातबारा आणला का? गायरान कसणारा तेथेच थांबतो. आमची मोहीम ज्याच्यासाठी म्हणून निघालेली असते, नेमका तोच दाराबाहेर राहतो.

एका गावात असाच एका बाईंशी संबंध आला. नवरा वारलेला, मुलगा ऊसतोडीला. गायरानातली अडीच एकर सासऱ्यापासून त्यांच्या वहिवाटीत. मी नियम समजावून सांगत होतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "साहेब, रान तुमाला दिसतंय, तूर दिसतीय, मी बी दिसतीय. मंग कागदावरच काहून दिसंना?" या प्रश्नाला कृषी पदवीच्या पुस्तकात उत्तर नाही.

उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागते. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी योजनेच्या फलकावरच वाचले असेल. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बरोबर होते. देवळाचा दरवाजा उघडल्याने पोट भरत नाही, त्याला जमीन लागते, हे त्यांनी पुढे ओळखले. १९५९ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक सरकारी जमीन आणि गायरान आम्हांला कसायला द्या, एवढीच साधी मागणी. मराठवाडाही त्यात होता. मग ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, तोच सत्याग्रह देशभर सुरू झाला. हजारो बायाबापड्यांनी तुरुंग भरले. आजच्या मोहिमेला मंडप लागतो. त्या मोहिमेला भाकरीचे गाठोडे पुरले. आमच्याकडे गोदावरीच्या पलीकडे बीड जिल्ह्यात पुढच्या काळात एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियान उभे केले आणि हा गायरानाचा प्रश्न गावोगाव लावून धरला. २०१५ साली ते गेले.

जमीनच का, मजुरी का नाही, असे कोणी विचारील. ज्याला गावात सगळ्यांच्या बांधावर मजुरीला जावे लागते त्याला वर मान करून बोलता येत नाही, हे आपण सर्व जाणतो. दोन एकर बरड का असेना, वर्षाची बाजरी घरात असली म्हणजे माणूस उद्याच्या रोजासाठी मिंधा राहत नाही. म्हणूनच या जमिनीवरून वैरे झाली. गायरान कसायला घेतले म्हणून मजुरी बंद, गिरणी बंद, उभ्या पिकात गुरे घालणे, हे मराठवाड्यात घडलेले आहे. झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

शासनाने काही केले नाही असे नव्हे. १९७८ आणि १९९१ साली शासन निर्णय निघाले. १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या दलित-आदिवासी भूमिहीनांची वहिवाट नियमित करावी, असे १९९१ चा निर्णय सांगतो. आता यातली गंमत पाहा. वहिवाटीचा पुरावा कोणता? तर गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, आणि दंडाच्या पावत्या! ज्या कागदाने त्याला चोर ठरविले तोच कागद त्याचा साक्षीदार. ज्यांच्या वाडवडिलांनी दंडाची पावती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली त्यांना काही आशा आहे. ज्यांच्याकडून दंड घेतलाच नाही, किंवा घेतला आणि पावती दिली नाही, त्यांचे काय सांगावे?

दुसरी बाजूही खरी आहे. गुरांनी चरायचे कोठे, हा पशुपालकाचा प्रश्न खोटा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत सार्वजनिक जमिनी मोकळ्या करण्याचा निकाल दिला आणि त्याच वर्षी राज्य शासनानेही गायरानाबाबत कडक धोरण घेतले. निकालाचा तेवढाच भाग गावोगाव सांगितला जातो. शासनाच्या आदेशाने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेली जमीन हा अपवाद त्याच निकालात आहे, तो कोणी वाचून दाखवीत नाही. आणि एक स्पष्ट बोलतो : गायरानात पक्के गाळे बांधणारा आणि कुळीथ पेरणारा यांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही.

शेतीच्या दृष्टीने पाहिले तर या रानांनी मला पुष्कळ शिकविले. वीतभर माती, खाली मुरूम. अशा जागी कापसाच्या मागे लागून कर्ज करू नये, हे त्यांना सांगावे लागत नाही, कारण कर्ज त्यांना मिळतच नाही! बाजरी, मटकी, मूग आणि मध्ये तूर असे त्यांचे पीक. आमच्याच जिल्ह्यातल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा तुरीचा वाण साधारण पाच महिन्यांत निघतो, त्यामुळे पाऊस लवकर उघडला तरी पदरात काही पडते. उतारावर आडवी पेरणी, बांधावर हमाटा न करता गवत राखणे आणि जमेल तेव्हा तलावातला गाळ टाकणे, एवढ्यावर ही राने सुधारतात. गाळ मात्र टाकताना माणूस दहा वेळा विचार करतो. उद्या उठविले तर? ज्या जमिनीचा भरवसा नाही तिच्यात कोण ट्रॉलीचे भाडे घालील?

तेव्हा कागद हवाच. नव्या विहिरीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. तिला किमान ०.४० हेक्टर जमीन नावावर लागते. पीक कर्ज, नुकसानभरपाई, वर्षाचे ६,००० रुपये देणारी किसान सन्मान योजना, सगळीकडे तीच अट. २०२५ पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आणि तोही जमिनीच्या नोंदीवरूनच मिळतो, म्हणजे दार आणखी एका कडीने बंद. खुद्द दादासाहेबांच्या नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, पती-पत्नी दोघांच्या नावे. २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. योजना उत्तम. पण २०१८ साली ठरलेला दर होता जिरायतीला एकरी पाच लाख आणि बागायतीला आठ लाखांपर्यंत. कालव्याखालची जमीन त्या भावात कोण सोडणार?

आपल्या हातात काय आहे, तेवढे सांगतो. वहिवाटीची चौकशी लागते तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याचा जबाब मोलाचा असतो. "होय, हे रान यांचा बाप कसत होता, मी लहानपणापासून पाहतो," एवढे खरे बोलायला खर्च येत नाही. पुष्कळ ठिकाणी शेजारी त्या दिवशी मुद्दाम परगावी जातो.

वर सांगितलेल्या बाईंना मात्र शेजारी बरा मिळाला. ओळख क्रमांक नसल्याने त्यांना योजनेतले बियाणे देता येईना. त्या शेजाऱ्याने आपल्या पिशवीतले चार किलो त्यांना दिले आणि बाईंनी जानेवारीत खळ्यावर सवाईने परत केले. जबाबही त्याने दिला. प्रकरण अजून चालू आहे. तूर बरी झाली होती, पण हमीभावाच्या केंद्रावर नोंदणीला पीकपेऱ्याचा सातबारा लागतो, तेव्हा ती त्यांनी गावातल्याच व्यापाऱ्याला घातली.