आसारी

संक्रांत आली की आमच्या विंचूरला मरायला सवड नसते. एकीकडं लाल कांदा काढून मार्केटला न्यायचा, दुसरीकडं उन्हाळ कांद्याची लागण उरकायची. त्यात लाइट रात्रीची. अशा दिवसांत पासष्टीचा माणूस पतंगासाठी येवल्याला निघाला म्हणल्यावर घरचे काय बोलणार? मंडळी म्हणाली, ‘‘लागणीच्या बायांना पैसे कोण देईल, तुमचा पतंग?’’ पण मी आबाला शब्द दिला होता.

आबा माझा शाळेपासूनचा दोस्त. 1976 साली दहावी झाली आणि दोघंही वावरात आलो. पुढच्या संक्रांतीला एका सायकलवर डबलशीट येवल्याला गेलो. वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता. जाताना त्यानं पायडल मारलं, येताना मी. येताना आबाच्या मांडीवर आसारी होती.

आसारी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. बाकी बहुतेक ठिकाणी मांजा फिरकीवर गुंडाळतात, आणि ती धरायला मागं दुसरा माणूस उभा लागतो. येवल्याची आसारी वेगळी. मधोमध लांब दांडी आणि तिच्याभोवती पात्या. कुणाची सहा पातीची, कुणाची आठ पातीची. उडवणारा एकटाच एका हातानं दोरा सांभाळतो अन् दुसऱ्या हातानं दांडी गरगर फिरवतो. ढील द्यायची तर आसारी सैल सोडायची, खेचायचं तर झपाझप गुंडाळायचं. बघायला सोपं वाटतं. मला चाळीस वर्षांत जमलं नाही. आबाला पहिल्याच वर्षी जमलं. विंचुरात त्याचा पतंग काटणारा कुणी नव्हता.

दोन वर्षांपूर्वी आबाला अर्धांगवायूचा झटका आला. काठी घेऊन चालायला लागला, पण उजव्या हाताला पाण्याचा तांब्या पेलवेना. दिवाळीत भेटायला गेलो तर म्हणाला, ‘‘तात्या, एकदा येवल्याला ने रे. मला काही उडवायचं नाही. ती माणसं बघायची.’’

भोगीच्या दिवशी सकाळी मोटारसायकल काढली. आबाला मागं बसवलं. डाव्या हातानं त्यानं माझा खांदा घट्ट धरला. मी गळ्याला मफलरचे तीन वेढे घेतले आणि एक मफलर त्याच्याही गळ्याला गुंडाळला. आबा हसला, ‘‘एवढी थंडी कुठंय?’’

‘‘थंडीसाठी नाही,’’ मी म्हणलं, ‘‘नायलॉनसाठी.’’

तीनपाटी मागं पडली. भरवस फाट्यापर्यंत मी गप्पच होतो. मग जे वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं, ते गाडी चालवता चालवता सांगून टाकलं. समोर बघून बोलायचं असलं की बरं पडतं.

मागच्या संक्रांतीला नातवाचे पतंग सारखे कटत होते. पोरगं आठ वर्षांचं. रडत घरात यायचं. मला ते बघवेना. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, हे मला ठाऊक होतं. राष्ट्रीय हरित लवादानं 2017 सालीच देशभर बंदी घातली. पेपरात दरवर्षी गळा कापल्याच्या बातम्या वाचतो. तरी लपूनछपून विकणाऱ्याकडून जांभळ्या रंगाचा गट्टू आणला. पोरगं खूश झालं. त्या दिवशी त्याचा पतंग कुणाला कटला नाही.

आठ दिवसांनी मी पाणी भरायला मळ्यात गेलो. विहिरीवरच्या लिंबाला बगळा उलटा लटकलेला. पंखाला दोरा करकचून बसलेला, आणि हाड दिसत होतं. विळ्यानं दोरा कापून त्याला खाली घेतला. जीव होता. ओंजळीत धरून पाणी पाजायला गेलो तेवढ्यात गेला. दोरा जांभळा होता. जांभळा दोरा गावात आणखी कुणाकडं असेलही. पण मी तसं मनाला समजावायला गेलो अन् समजावता आलं नाही. बांधाच्या कडेला खड्डा केला, पुरला. घरी कुणाला बोललो नाही.

आबा काहीच म्हणाला नाही. देशमाने गेलं. जळगाव नेऊरला चहाला थांबलो. बशीतला चहा डाव्या हातानं पिऊन झाल्यावर म्हणाला, ‘‘पोराला सांगितलं का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग मला सांगून काय उपयोग?’’

येवल्यात शिरलो तर रस्त्यावर माणूस कमी आणि माडीवर जास्त. भोगी, संक्रांत आणि कर, हे तीन दिवस गाव धाब्यावरच असतं. एरवी ज्या गल्लीत पैठणीच्या मागाचा आवाज येतो, तिथं हलकडी वाजत होती. पतंग काटला की सगळ्या गच्च्यांवरून ‘गई बोला रे!’ची आरोळी. आबाच्या जुन्या ओळखीचा एक विणकर होता. त्याच्या घराचा अरुंद जिना आबा एकेक पायरी बसून चढला. वर सहा-सात म्हातारे आणि त्यांची नातवंडं. कुणी आमचं आडनाव विचारलं नाही, शेती किती ते विचारलं नाही. पहिला प्रश्न, ‘‘आसारी किती पातीची आहे तुमची?’’

मग तासभर तेच चाललं. दोरा कोणता, सरस किती, काचेची पूड कशी वस्त्रगाळ करायची, मांजा सुतताना ऊन कसं पाहिजे. पैठणीचा धागा ओढणारा माणूस पतंगाच्या दोऱ्यावर बोटं फिरवून सांगत होता, ‘‘हा सुती आहे. जास्त ताणला तर तुटणार. तुटतो म्हणून तर हात लागतो.’’

त्यानंच आबाला उठवलं. आबा नको नको म्हणत होता. त्यानं दोरा आबाच्या डाव्या हातात दिला आणि स्वतः शेजारी आसारी धरून बसला. आबा नुसतं ‘‘सोड,’’ ‘‘घे,’’ ‘‘सोड,’’ म्हणायचा आणि आसारी तशी फिरायची. दोन माणसांचा मिळून एक पतंगबाज झाला. एक पतंग काटला. दुसऱ्यानं आबाचाच काटला. तुटलेला दोरा हातात लोंबत असताना आबा इतका हसला, की झटका आल्यापासून मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

अंधार पडायच्या आत निघालो. सुती मांजाची लहान आसारी नातवासाठी घेतली. आबानं ती मांडीवर धरली, त्या वर्षीसारखी.

दुसऱ्या दिवशी नातवाचा पहिलाच पतंग कटला. त्यानं आसारी आपटली. म्हणाला, ‘‘आजोबा, मागच्या वर्षीचा दोरा का नाही आणला?’’

त्याला घेऊन मळ्यात गेलो. लिंबाखाली उभं करून बगळ्याचं सगळं सांगितलं. दोरा कुणी आणला होता, तेही सांगितलं. तो बराच वेळ वर फांदीकडं बघत राहिला. जांभळा तुकडा अजून तिथं लोंबत होता. वर्षभराच्या ऊनपावसात त्याला काही झालं नव्हतं.

‘‘तो काढा ना,’’ पोरगं म्हणालं.

शिडी आणली, चढलो आणि विळ्यानं तो काढला. खाली आलो तेव्हा पोरगं दुसरा पतंग घेऊन उभं होतं.